परदेशातील हेमंत आणि आपली पुडी

कार्तिकी एकादशी उलटते, खाचरांतले इंद्रायणी भात झोडून घरात येते, आणि भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतून आमच्या चिकित्सालयात एक निराळाच रुग्णवर्ग येऊ लागतो. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली, परंतु लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच योजीत आहोत.) पति-पत्नी दोघे मिळून येतात. चेहऱ्यावर आजारपण नसते, उलट काहीशी लगबग असते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, कॅनडात, आखातात अथवा ऑस्ट्रेलियात. नातवंडांना नाताळची सुट्टी. तिकिटे काढून झालेली. “वैद्यराज, दोन महिन्यांचे औषध एकदम बांधून द्या,” एवढीच मागणी असते, आणि आपण ते बांधून देतो.

या बांधून देण्याचा विचार आम्हीही एका अनुभवापूर्वी कधी केला नव्हता. तो अनुभव व्यवसायबंधूंच्या आणि औषधालयांच्या मालकांच्या कानी घालावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट २०१८ च्या मार्गशीर्षातील आहे. गुंजवणी नदीच्या खोऱ्यातील एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक व त्यांच्या पत्नी असे दोघे आमच्याकडे आले. नावे देणे उचित नव्हे. गावात त्यांना सारे गुरुजी आणि वहिनी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. गुरुजींना तमकश्वासाचा जुना त्रास, शिवाय रक्तदाबासाठी ॲलोपॅथीची एक गोळी चालू. वहिनींना संधिवात आणि मलावष्टंभ. मुलगा स्टुटगार्टला अभियंता. मोटारींच्या उद्योगामुळे पुण्याकडील अभियंते त्या शहरात पुष्कळ आहेत. मुंबई व स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी-नगरे. गुरुजींचा तोवरचा सर्वांत दूरचा प्रवास काशीचा.

आम्ही गुरुजींना सितोपलादि चूर्णात श्वासकुठार रस मिसळून पुड्या दिल्या. प्रत्येक पुडीत श्वासकुठार १२५ मिलिग्रॅम. पुड्यांच्या गठ्ठ्यावर आमच्या हस्ताक्षरात ‘स. १, रा. १’. वहिनींना योगराज गुग्गुळ, गंधर्व हरीतकी आणि आम्हीच सिद्ध केलेले त्रिफळाघृत. दोघांनाही तीळतेलाचा अभ्यंग सांगितला. पथ्य सांगताना ग्रंथोक्त हेमंतचर्या सांगितली: अग्नि प्रबळ असतो, उपाशी राहू नका, स्निग्ध-गुरु अन्न घ्या, उडीद, दूध, डिंकाचे लाडू भरपूर चालतील. बर्फाचा देश म्हटल्यावर आम्ही ‘भरपूर’ या शब्दावर थोडा अधिकच जोर दिला असावा.

पहिला धक्का विमानतळावर बसला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप हे दुग्धजन्य. त्यात त्रिफळा सिद्ध केलेली आहे की काय, याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नाही. वैद्यकीय कारणासाठी लागणाऱ्या विशेष आहाराला दोन किलोपर्यंत सवलत आहे, पण तो कंपनीच्या मूळ, न उघडलेल्या वेष्टनात हवा. आमचे घृत मुरंब्याच्या जुन्या बरणीत होते. ते तेथेच राहिले. लाडू मिठाई म्हणून सुटले. पुड्या मात्र बराच वेळ उलटसुलट पाहिल्या गेल्या. गुरुजींना भाषा येईना. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मराठी विद्यार्थ्याने दुभाष्याचे काम केले, म्हणून त्या सुटल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या दुहेरी काचांच्या, भिंतीलगत गरम पाण्याचे पन्हळीदार लोखंडी तापक, खोलीत बावीस अंश, बाहेर शून्याखाली. भोरला वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. स्टुटगार्टला तो सव्वाआठ तासांचा. सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवावे हा गुरुजींचा चाळीस वर्षांचा नेम. पहिल्या दिवशी त्यांनी चार वाजता ताट मागितले, तेव्हा सूनबाईंनी निमूटपणे घड्याळाकडे पाहिले.

वहिनींनी आल्यावर या मुक्कामाचे जे वर्णन केले ते वैद्याने ऐकण्यासारखे आहे. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत तिथले प्रत्येक घर भाजणीच्या वासाने भरते. पण वास कशाचा? दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ, बडीशेप यांचा. मध आणि सुकामेवा घातलेल्या तपकिरी वड्या हाच तिथला फराळ. थोर मंडळी बाजारात उभ्याने जी गरम द्राक्षमदिरा पितात तीतही दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल उकळलेली असते. मधुर, स्निग्ध, गुरु अन्न आणि त्याच्या पचनाला उष्ण-दीपन द्रव्यांची जोड, ही हेमंतचर्या त्या लोकांनी कोणत्याही संहितेविना सांभाळली आहे. मदिरेचा उल्लेख चरकाच्या हेमंतचर्येतही आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी सारे शहर चिडीचूप होते. पंचवीस व सव्वीस या दोन्ही दिवशी दुकाने बंद. गुरुजींना हे सुतकासारखे वाटले; आपल्याकडे सण म्हणजे ढोल-ताशा. पंचवीस तारखेला सकाळी सात वाजता वहिनींनी गावाहून नेलेला खलबत्ता काढला आणि सुंठ कुटावयास घेतली. रविवारी व सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांना आवाजाचा उपद्रव होऊ द्यायचा नाही, असा तिथे कडक शिरस्ता आहे. पाचव्या-सहाव्या ठोक्याला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात. मुलाने क्षमा मागितली, वहिनींनी खलबत्ता दाखवला, सुंठ हुंगावयास दिली. आजीबाई परत गेल्या आणि थोड्या वेळाने दोन पाकिटे घेऊन वर आल्या. एकात बडीशेप आणि तिच्याच कुळातील आणखी दोन बिया, चहासारख्या उकळून पोटफुगीवर घ्यावयाच्या. दुसऱ्यात वाळलेली पाने, खोकल्यासाठी. वहिनींनी पाने चोळली आणि म्हणाल्या, “हा तर ओवा!” वनस्पती ओव्याची नव्हती, थाइम नावाची तिकडची रानतुळशीसारखी झुडूपवर्गीय औषधी होती, पण नाकाने चूक केली नव्हती. ज्याला आपण ओव्याचे फूल म्हणतो ते थायमॉल दोहोंतही असते. निघंटु न शिकलेल्या दोन वृद्ध स्त्रिया, एकमेकींची भाषा न जाणता, गंधावरून द्रव्यगुण ओळखतात याचे आम्हांला कौतुक वाटले.

तुपाचीही तशीच गंमत. जे घृत विमानतळावर गेले, त्याचे साधे भावंड कोपऱ्यावरच्या दुकानात डब्यात विकावयास होते. त्याला तिकडे ‘बुटरश्माल्झ’ म्हणतात. शिवाय तिथे आंबवलेल्या सायीपासून काढलेले लोणीही सर्वत्र मिळते. विरजणाच्या लोण्याचेच तूप श्रेष्ठ मानणाऱ्या आपल्या परंपरेला ते जवळचे. वहिनींनी ते घरी कढवले. दाणा सुरेख पडला असे त्या सांगतात.

इथवर सारे गोडच होते. सव्वीस तारखेला दुपारी जेवणात उडदाचे वडे, खीर, लाडू असा बेत झाला, आणि गुरुजी मुलाबरोबर बर्फ पाहावयास बाहेर पडले. बावीस अंशांतून एकदम उणे चारमध्ये. संध्याकाळपासून छाती भरू लागली. रात्री आठनंतर वाक्य पुरे बोलवेना. मुलाने ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला आणि रुग्णवाहिका आली.

रुग्णालयात प्राणवायू व वाफ सुरू झाली. मग तिथल्या तरुण डॉक्टरने साहजिक प्रश्न विचारला: हे कोणती औषधे घेतात? रक्तदाबाच्या गोळीचे पाकीट मुलाने दाखवले. नंतर पुडी काढली. डॉक्टरने ती उघडली, पाहिली, कागदावरची अक्षरे विचारली. मुलाने वाचून दाखवली: ‘स. १, रा. १’. त्यापलीकडे त्या कागदावर काही नव्हते.

भोरला रात्रीचा दीड वाजला होता. मुलाचा फोन आला तेव्हा आम्ही रुग्णपत्रिका शोधून काढली आणि घटकद्रव्ये एकेक करून सांगू लागलो. सितोपलादि सोपे होते. श्वासकुठाराशी आलो आणि जीभ जड झाली. पारद. गंधक. मनःशिळा, म्हणजे सोमलाचे संयुग. वत्सनाभ. शोधन म्हणजे काय, संस्कार म्हणजे काय, हे दीड वाजता दुभाष्यामार्फत सांगता येत नाही. सांगितले तरी समोरच्याला ऐकू येतात ते पारा, सोमल आणि बचनाग हे तीनच शब्द. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे मात्रा विचारली, किती दिवसांपासून ते विचारले, हृदयाचा आलेख रात्रभर चालू ठेवला, कारण वत्सनाभाने हृदयाची गती बिघडू शकते, आणि रक्त तपासणीस पाठवले. अहवाल काळजीसारखे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. औषधाने अपाय केला नव्हता, पण रोगी संकटात असताना त्याच्या पोटात काय आहे हे त्याच्या उशाशी असलेल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हते, आणि ती व्यवस्था आमची होती.

त्या डॉक्टरची शंका केवळ पूर्वग्रह म्हणून उडवून लावता येणार नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचा शोधनिबंध २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. २००८ मध्ये महाजालावरून मागवलेल्या १९३ उत्पादनांच्या तपासणीतही प्रमाण पाचात एक असेच निघाले. आपल्याच सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. रसौषधींवर आमची निष्ठा आहे. परंतु ज्या औषधाचे समर्थन करावयास वैद्य जवळ नाही, ते औषध परदेशी एकटे पाठवू नये, असे आता आमचे मत झाले आहे. प्रवासापुरती काष्ठौषधी योजावीत. हे ज्यांना रुचणार नाही त्यांनी निदान चिठ्ठी लिहावी.

आता कायद्याची बाजू. स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील परवान्याची अट लागू नाही. ही सवलत परंपरेचा मान राखण्यासाठी आहे. पुडी निनावी ठेवण्याचा तो परवाना नव्हे. औषधालयातून विकल्या जाणाऱ्या डबीवर नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्ये, निर्माता, परवाना क्रमांक, समूह क्रमांक हे सारे असते, आणि अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही असते. त्या रात्री अशी एक साधी डबी गुरुजींच्या उशाशी असती, तर आमची पत्रिका शोधण्याची वेळ आली नसती. बंद वेष्टनाचा आणखी एक लाभ फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. कुटकी व जटामांसी या संकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. किरकोळ विक्रीसाठी वेष्टित केलेले तयार औषध त्यातून वगळलेले आहे, सुटे चूर्ण वगळलेले नाही. कुष्ठ तर पहिल्या परिशिष्टात आहे, तिथे वेष्टनाचीही सूट नाही. आरोग्यवर्धिनीत कुटकीचे प्रमाण किती मोठे असते ते आपण जाणताच.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. परगावी पार्सल पाठवतो तसे परदेशी पाठवू नये. जर्मनीत प्रवासी स्वतःपुरते तीन महिन्यांचे औषध सोबत नेऊ शकतो. परंतु युरोपीय संघाबाहेरून खाजगी व्यक्तीने टपालाने औषध मागवणे तिथे मुळातच निषिद्ध आहे. “संपले की पाठवून देऊ” हे आश्वासन ग्राहकाला देताना हे ठाऊक असावे.

पुडीची चूक आम्ही एका रात्रीत ओळखली. पथ्याची चूक ओळखावयास अधिक वेळ लागला. हेमंतात अग्नि का प्रदीप्त होतो, याचे कारण चरकाने दिलेले आहे: बाहेरच्या थंड वाऱ्याच्या स्पर्शाने शरीरोष्मा आत कोंडला जातो आणि बळावतो. म्हणजे ऋतु पंचांगात असून भागत नाही, तो त्वचेला भेटावा लागतो. वेल्ह्याचा शेतकरी मार्गशीर्षात पहाटे खळ्यावर असतो, दिवसभर डोंगर चढतो-उतरतो. त्याला उडीद पचतात. गुरुजी मात्र दिवसाचे तेवीस तास बावीस अंशांच्या कोरड्या खोलीत बसून होते. तिथे शीतस्पर्श नव्हता आणि व्यायामही नव्हता. उरले होते ते रौक्ष्य. नाक कोरडे पडे, कातडी खाजे, वहिनींचा मल अधिकच बांधला गेला. अशा माणसाला आम्ही हेमंताचे गुरु अन्न सांगितले. तमकश्वासाचे उद्भवस्थान पित्तस्थान होय. मंदाग्नीवर भरलेले पोट, त्यावर ढगाळ हवा व थंड वारा, ही संप्राप्ति आम्ही कागदावर कित्येकदा लिहिली असेल. रोग्याचे घर न विचारता केवळ देश आणि महिना विचारून ऋतुचर्या सांगितली, इथे घसरलो.

म्हणून आता जाणाऱ्या जोडप्याला आम्ही आधी घराविषयी विचारतो. किती वेळ आत, किती बाहेर? घर कशाने तापते? चालावयास जागा आहे का? तापकाने गरम केलेल्या घरात लघु, उष्ण, स्निग्ध आहार सांगतो: तूप घातलेली मुगाची खिचडी, सुंठीचे पाणी, आणि गुरु अन्न चालून आल्यावरच. दुपारी ऊन असेल तेव्हा रोज बाहेर पडणे, नाकातोंडावर लोकरी पट्टी. सकाळी व निजताना दोन-दोन थेंब तीळतेलाचे प्रतिमर्श नस्य. रक्तदाबाचा रुग्ण असेल तर घशासाठी ज्येष्ठमध चघळत बसू नये, हे बजावून सांगतो; त्याने दाब वाढतो, आणि तिकडच्या खोकल्याच्या चहांत व काळ्या गोळ्यांतही ते असते. अभ्यंग उत्तमच, परंतु गुळगुळीत न्हाणीघरात तेलकट पायांनी उभे राहणे वृद्धांना धोक्याचे, आणि तेलाने भिजलेले पंचे कपडे वाळवण्याच्या यंत्रात घातल्यास पेट घेऊ शकतात. धूपनाचा मोह आवरावा. जर्मनीत निवासी घरांत धूरसूचक यंत्र सक्तीचे आहे, आणि ते वाजले की आजीबाई पुन्हा वर येतील.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांची गोष्ट उलटी आहे. मार्गशीर्ष-पौषात तिथे सर्वांत मोठे दिवस असतात. आपला विसर्गकाळ संपत येतो तेव्हा दक्षिण गोलार्धात सूर्य आदान करीत असतो. आदान-विसर्गाची कल्पना सूर्यगतीवर उभी असल्याने तिथे ती उलटी लावणेच शास्त्राला धरून आहे. मेलबर्नला निघालेल्या माणसाला डिंकाचे लाडू बांधून देणे म्हणजे वैशाखात बाजरी खाऊ घालणे होय. बिया, मुळ्या, पाने तिथे उतरताच घोषित करावी लागतात.

लाडवांवरून आठवले. आखातातील काही देशांत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे, आणि आपल्या डिंकाच्या लाडवांत, अनारशांत ती सर्रास असते. आईने प्रेमाने दिलेला डबा मुलाला तुरुंगाच्या दारात नेऊ शकतो. जातीफलादि चूर्णात भांग असते हे वैद्याला पाठ असते, पण ग्रहणीच्या रुग्णाच्या हाती ते ठेवताना तो दुबईला चालला आहे हे विचारले जात नाही. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काचेही तेच.

शेंगेन प्रवेशपत्रासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, पण आधीपासूनचा आजार बहुधा त्यात धरला जात नाही. तो विमापत्राच्या बारीक अक्षरांत पाहून घ्यावयास मुलांना सांगावे. छातीच्या डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप ‘तुमच्या औषधाने बरे आहे’ म्हणून गुरुजी घरी ठेवून गेले होते. आम्हीही तो न्या म्हटले नव्हते.

२०२३ च्या हिवाळ्यात गुरुजी आणि वहिनी पुन्हा स्टुटगार्टला गेले. या वेळी हातातल्या पिशवीत पंप होता, दोन बंद डब्या होत्या, आणि आमच्या शीर्षपत्रावर इंग्रजीत टंकलिखित केलेली चिठ्ठी: औषधाचे नाव, प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, मात्रा, कालावधी, सोबत चालू असलेली ॲलोपॅथीची गोळी, आमचा नोंदणी क्रमांक आणि दूरध्वनी. एक प्रत मुलाकडे आधीच पाठवली. चिठ्ठी लिहावयास वीस मिनिटे लागली. तूप नेले नाही. खलबत्ता नेला, पण सुट्टीच्या दिवशी तो बाहेर काढला नाही. आजीबाईंसाठी वहिनींनी पाव किलो ओवा नेला होता. परत येताना त्यांनी आमच्यासाठी त्या वाळलेल्या पानांचे पाकीट आणले. ते आमच्या औषधालयात ओव्याच्या बरणीशेजारी आहे, आणि परदेशी निघालेल्या रुग्णाशी बोलताना आम्ही दोन्ही झाकणे उघडून त्याच्यापुढे धरतो.